गेमवाल्या चार कादंबऱ्या वाचलो, त्यातल्या लव्हस्टोरीचा हिशोब सांगतो

जूनच्या शेवटी जिन्यावरनं घसरलो आणि पाय प्लास्टरमध्ये गेला, सहा आठवडे. बेळगावच्या अनगोळात पाऊस धरला की समोरच्या घराचं गेट दिसत नाही, त्यात दिवसातनं तीन-चारदा करंट जाणार, मोबाईलचं चार्जिंग संपलं की गेम पण संपली. मग काय, पुस्तकं मागवलो. आई म्हटली एवढ्या पैशात पंधरा दिवसांची भाजी आली असती. बरोबर आहे तिचं, पण भाजीत लव्हस्टोरी नसते.

चार पुस्तकं. अर्नेस्ट क्लाइनचं 'रेडी प्लेयर वन' (२०११) आणि त्याचा दुसरा भाग 'रेडी प्लेयर टू' (२०२०), मेरी लूचं 'वॉरक्रॉस' (२०१७), आणि रेकी कावाहाराच्या 'स्वोर्ड आर्ट ऑनलाइन'चा पहिला खंड, जपानीत २००९ ला छापलेला, मी अर्थातच इंग्लिशमधला वाचलो. पार्सलवाल्यानं गेटवरनं आत फेकलं ते थेट पन्हाळीखाली, त्यामुळं 'वॉरक्रॉस' सुकल्यावर फुगून उडदाच्या पापडागत झालंय, बाकीची बचावली.

गोष्ट कशी आहे, ऐंशीच्या दशकातले गेम आणि सिनेमे किती घुसडलेत, तंत्रज्ञान पटतंय का, हे सांगणारे रिव्ह्यू रगड आहेत. मला एकच बघायचं होतं, ह्या पुस्तकांत पोरगी येते ती खेळायला येते की बक्षीस म्हणून येते. कारण गेममध्ये ओळख होऊन पुढं काय काय होतं हे मला जरा जवळनं माहितेय, ते सांगतोच. स्पॉयलर भरपूर आहेत, ज्याला नको त्यानं हितनंच मागं फिरावं.

तर 'रेडी प्लेयर वन'. साल २०४५, जगाची वाट लागलेली, सगळी माणसं ओएसिस नावाच्या ऑनलाइन दुनियेत जगतात, शाळा पण तिथंच. ती दुनिया बनवणारा हॅलिडे मरताना सगळी इस्टेट गेममध्ये लपवून जातो, तीन किल्ल्या, तीन गेट, जो पहिला पोचेल त्याचं सगळं. हिरो वेड वॉट्स अठरा वर्षांचा, आईबाप नाहीत, मावशीच्या घरात कपडे धुवायच्या खोलीत झोपतो, आणि ते घर म्हणजे एकावर एक रचलेल्या ट्रेलरच्या थप्पीतला एक डबा. गेममधलं नाव पार्झिव्हल. हिरोईन आर्टेमिस, नाव लिहिताना मधल्या ई च्या जागी ३ चा आकडा, आपल्याकडची पोरं आयडीत घालतात तसंच.

वेड तिच्या प्रेमात पडतो तो भेटायच्या आधीच, तिचा ब्लॉग वाचून वाचून. हितवर मला काही वाटलं नाही, कुणाचं लिहिलेलं आवडून माणूस आवडतंय, होतंय असं. पहिली भेट तर एक नंबर लिहिलीय. हा एका थडग्यातल्या राक्षसाला 'जाउस्ट' नावाच्या जुन्या गेममध्ये हरवून येतोय आणि समोर ती उभी. ती जागा तिनं ह्याच्या आधीच शोधून काढलेली, पण राक्षसापुढं दरवेळी हरून परत जाते. हा तिला जाता जाता सांगतो, बाजू बदलून खेळून बघ. आणि ती जिंकते. पुढची किल्ली तर सगळ्यात आधी तीच काढते. म्हणजे कागदावर ती ह्याच्या बरोबरीची, एकेठिकाणी ह्याच्या वरचढ.

मग ते दोघं बरेच दिवस नुसतं बोलतात, मेल, चॅट, सिनेमे, गेम, किल्ल्या शोधायचं काम गेलं खड्ड्यात. मला विचाराल तर अख्ख्या पुस्तकाचा जीव तिथं होता. दोन माणसं रात्री तीन वाजेपर्यंत काय बोलतात, कशावर हसतात, कशावर अबोला धरतात, हे जरा दाखव की बाबा. पण नाही, क्लाइन ते भराभर उरकतो आणि एका गेमचं वर्णन मात्र पानंच्या पानं. गाडी कुठं थांबवायची तिथं थांबवत नाही आणि टोलनाक्यावर तासभर उभी.

मग एका पार्टीत नाचता नाचता वेड म्हणतो माझं तुझ्यावर प्रेम आहे. ती म्हणते तू मला ओळखत नाहीस, मी जेवढं दाखवलं तेवढंच बघितलास. किती शहाणी पोरगी! पुस्तकातलं सगळ्यात खरं वाक्य तिच्या तोंडी आहे आणि हिरोला ते ऐकूच येत नाही. ती बोलणं बंद करते, हा मेलवर मेल पाठवतो, फुलं पाठवतो, तिच्या गेममधल्या महालाच्या गेटसमोर डोक्यावर टेपरेकॉर्डर धरून दोन तास गाणं लावून उभा राहतो. लेखकाला हे गोड वाटतंय. आमच्याकडं पोरीच्या कॉलेजच्या गेटसमोर असा कोण दोन तास उभा राहिला तर त्याला प्रेम म्हणत नाहीत, कोणतरी जाऊन तिच्या भावाला बोलवून आणतंय.

आणि शेवट. सगळं जिंकून झाल्यावर वेड एका बागेतल्या झाडाझुडपांच्या भुलभुलैयात शिरतो आणि मधोमध बाकावर ती बसलीय. अहो ती सुद्धा शेवटच्या लढाईत होती की, तिच्याशिवाय हा जिंकलाच नसता, आणि तिला नेऊन ठेवलंय कुठं, तर मधोमध, चक्रव्यूहातल्या ट्रॉफीगत. तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर जन्मखूण आहे, ती लपवायला तिनं ह्याला इतके दिवस टाळलं, आणि हा म्हणतो मला चालतंय, तू सुंदर आहेस. चांगलंच आहे. पण सगळं पुस्तक ह्याच्या 'मी'त आहे त्यामुळं त्या बाकावर बसून तिच्या पोटात काय गोळा आला असेल ते एक ओळ कळत नाही. शेवटची ओळ मात्र मनात राहिली, पहिल्यांदाच ह्याला परत लॉगिन करावंसं वाटत नाही. २०१८ च्या स्पीलबर्गच्या सिनेमात दोघांना अर्ध्यातच खऱ्या जगात भेटवलंय, ते मला जास्त बरं वाटलं, निदान तिला करायला काहीतरी काम तरी मिळालं.

आता एच बद्दल, कारण माझ्या मते ह्या पुस्तकातली खरी लव्हस्टोरी ती आहे. एच म्हणजे वेडचा जिगरी दोस्त, गेममध्ये गोरा, उंच, रुबाबदार पोरगा. एकमेकांना शिव्या घालणं, एकत्र जुने सिनेमे बघणं, एकमेकांच्या चुकांवर खिदळणं, सगळं ह्याच्याशीच. आणि शेवटाकडं प्रत्यक्ष भेटल्यावर कळतं की एच म्हणजे हेलन, एक काळी पोरगी, जिला पोरीच आवडतात. तिची आई पण ऑनलाइन कामाला गोऱ्या पुरुषाचाच अवतार वापरायची, कारण त्यानं पगार आणि वागणूक दोन्ही बदलायचं. वेडला आधी धक्का बसतो, फसवल्यासारखं वाटतं, मग दोघं बोलायला लागतात आणि ह्याच्या लक्षात येतं की अरे, हा तोच आपला एच आहे, काही बदललेलं नाही.

हे वाचताना माझ्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला, हे पुस्तक मराठीत आणायचं तर करणाऱ्याचा घाम निघेल. इंग्लिशमध्ये 'आय' म्हटलं की झालं, कोण बोलतंय कळत नाही. पुण्याच्या मराठीत एच 'मी आले' म्हटली की दुसऱ्याच पानावर भांडं फुटलं, आणि 'मी आलो' म्हटली तर शेवटी भाषांतरवाल्याला खोटं पाडल्यागत होणार. बेळगावच्या मराठीत मात्र काही म्हणजे काही अडचण नाही. हितं पोरगी पण 'मी आलो' म्हणते, 'मी जेवलो' म्हणते, 'मी अभ्यास केलो' म्हणते. कन्नडमध्ये 'नानु बंदे' म्हणणारा बाप्या की बाई ते क्रियापदावरनं कळतच नाही, त्या शेजाराचा गुण लागला असेल, मी काय भाषेतला पंडित नाही.

आता वर जाऊन बघा. घसरलो, मागवलो, वाचलो. काय समजून बसला होता?

मला घरात सगळी अक्का म्हणतात.

तर २०१९ ची गोष्ट. पबजी जोरात होतं. आमची चौघांची टीम, एक निपाणीचा, एक चंदगडकडचा, एक पुण्याकडचा आणि मी. रात्री शेजारी आई झोपलेली त्यामुळं माझा माईक बंद, सगळं टाइप करून, ते पण इंग्लिश अक्षरांत, 'आलो थांब', 'एकाला मारलो', 'गोळ्या संपल्या बे'. चार महिने. पुण्याच्या पोराला ह्या 'आलो'वरनं काय समजायचं ते तो समजला आणि मी काय मुद्दाम लपवलेलो नाही, मी घरात बोलतो तसंच टाइप करत होतो. आमची दोघांची जोडी जमलेली. गाडी तो चालवायचा, लांबचा नेम माझा. नेम चुकला की काय शिव्या घालायचा! मी पण सोडत नव्हतो. गेममधल्या पोचिंकी गावात एकदा त्यानं गाडी भिंतीवर घातली आणि चौघं एकदम मेलो, त्यावर आम्ही आठवडाभर हसत होतो.

मग एके रात्री चुकून माईक चालू राहिला आणि मागनं मावसभाऊ ओरडला, "अक्का, जेवायला येतीस की नाही, मावशी कवापासनं बोलवालीय!"

हेडफोनमध्ये एकदम शांत. मग, "तू मुलगी आहेस?"

दुसऱ्या दिवसापासनं लेव्हल थ्री हेल्मेट सापडलं की माझ्यापुढं टाकायला लागला. एअरड्रॉपमधली एडब्ल्यूएम बंदूक, घे तुला. मी पडलो की बाकी दोघं मरू देत, आधी मला उचलणार. "तू मागे थांब, मी बघतो." अरे बाबा, मी बघतोय चार महिने, तू गाडी चालव! आणि शिव्या एकदम बंद. नेम चुकला तरी "इट्स ओके". तिथंच मला कळलं की आता ही टीम काही टिकत नाही. महिना पण झाला नाही तोवर लांबलचक मेसेज आला, त्यात मी किती वेगळी आहे वगैरे. पोरगा वाईट नव्हता हो, खरंच नव्हता. पण त्याला त्याचा गेमर दोस्त एका रात्रीत मेला आणि त्या जागी हिरोईन आली असं वाटलं, आणि हिरोईनशी बोलायचं कसं ते त्याला ह्या असल्या पुस्तकांनी आणि पिच्चरनी शिकवलेलं. मी टीम सोडलो. पुढं सप्टेंबर २०२० ला पबजीच बंद झालं, म्हणजे सुटलोच म्हणायचं.

म्हणून एचवाला भाग मी दोनदा वाचलो. वेड तिथं एक सरळ काम करतो, दोस्त पोरगी निघाली म्हणून तिच्यापुढं हेल्मेट टाकायला जात नाही. मग तेवढी अक्कल आर्टेमिसच्या वेळी कुठं गेली होती? हेलनवर त्याचा डोळा नाही म्हणून ती माणूस, आणि सामंथावर, म्हणजे खऱ्या जगातल्या आर्टेमिसवर, आहे म्हणून ती बाकावरचं बक्षीस, असा हिशोब दिसतोय. लेखकाला तो दिसलाय असं मला वाटत नाही.

'रेडी प्लेयर टू'वर जास्त वेळ घालवत नाही, तसा मी घातलो तेवढाच फार झाला. मागच्या भागात एवढं रामायण करून जोडी जमवली आणि हितं सुरवातीलाच मोडली. कारण चांगलं आहे खरं, मेंदूला थेट जोडायचं नवीन हेडसेट बाजारात आणायचं की नाही ह्यावर दोघांचं बिनसतं, ती नको म्हणते, तो आणतो. भांडण विचारांचं आहे, मला वाटलं आता मजा येणार. कसलं काय. सगळं पुस्तक परत किल्ल्यांच्या जागी तुकडे गोळा करायचं, सात तुकडे, आणि दोघं परत जवळ येतात ते धावपळीत, जे बिनसलं होतं त्यावर नीट बसून कुणी बोलतच नाही. एक गोष्ट मात्र अंगावर आली. हॅलिडेचं जिच्यावर जन्मभर एकतर्फी प्रेम होतं त्या किराच्या, म्हणजे आपल्याच दोस्ताच्या बायकोच्या, मेंदूची त्यानं तिला न सांगता नक्कल काढून ठेवलेली असते. गेमच्या आत ठेवायला, स्वतःसाठी. पहिल्या भागात ज्या म्हाताऱ्याला सगळे देव मानत होते त्याचं हे! इथं एक जबरी कादंबरी दडलेली होती, किराच्या बाजूनं लिहिली असती तर. ती तशीच दडलेली राहिली.

'वॉरक्रॉस' उलटं आहे. गोष्ट सांगणारीच पोरगी, एमिका चेन, न्यूयॉर्कमध्ये राहते, खिशात दमडी नाही, घरभाडं थकलेलं, ऑनलाइन गुन्हेगार पकडून बक्षिसावर जगते. जगभर चालणाऱ्या गेमच्या उद्घाटनाच्या मॅचमध्येच हॅकिंग करून चुकून सगळ्यांपुढं उघडी पडते आणि गेमचा मालक हिदेओ तानाका तिला पोलिसात द्यायच्या ऐवजी टोकियोला बोलवून कामावर ठेवतो. तरुण, देखणा, अब्जाधीश, अबोल, मनात जुनं दुःख. हे वर्णन वाचून आई म्हटली हा तर साडेआठच्या सिरीयलमधला आहे. आहेच. आणि एमिका लहानपणापासनं त्याची फॅन, म्हणजे वेडनं आर्टेमिसचं जे केलं तेच ही ह्याचं करते, भिंतीवरच्या फोटोच्या प्रेमात. शिवाय तो मालक आणि ही नोकर, ह्यावर पुस्तकात कुणाला काही खटकत नाही. मला खटकलं, मी पण नोकरी करतो.

पण शेवटी मेरी लू डाव पलटवते. हिदेओनं गेमसाठी सगळ्यांनी डोळ्यांत घातलेल्या लेन्समधनं माणसांच्या मनावर ताबा मिळवायचं यंत्र बसवलेलं असतंय, जगातली गुन्हेगारी थांबवायला, आणि कारण पण पोटातलं, लहानपणी त्याचा भाऊ कुणीतरी पळवलेला. तो हिला सांगतो, माझ्या बाजूला ये. ही जात नाही. प्रेम आहे, रडते पण, तरी जात नाही. वेडपेक्षा ही पोरगी लाखपटीनं मोठी झाली तिथं. ज्याचा फोटो लावला त्याला जवळनं बघितलो, आवडला, आणि तरी नाही म्हटलो, असं. पुढचा भाग 'वाइल्डकार्ड' २०१८ चा, मी अजून घेतलेला नाही, आईला भाजीचं कारण द्यायला नवीन काहीतरी शोधलं पाहिजे.

आणि मग 'स्वोर्ड आर्ट ऑनलाइन'. लिखाणाच्या बाबतीत चौघांत हे सगळ्यात कच्चं, वाक्यं लाकडागत, आणि किरितो हा हिरो इतका भारी की कंटाळा येतो. तरी ज्यात दोघं एकत्र राहतात असं वाटलं ते हे एकच पुस्तक. गेममध्ये दहा हजार माणसं अडकलीत, लॉगआउट नाही, आत मेला की खरोखर मेला, शंभर मजले चढल्याशिवाय सुटका नाही. असुना एका मोठ्या टोळीची उपप्रमुख, तलवारीत ह्याच्या तोडीची. आणि दोघांची जवळीक कशानं वाढते, तर सशाच्या मटणानं. ह्याला दुर्मिळ ससा मिळतो, रांधता येत नाही, तिचं स्वयंपाकाचं स्किल फुल्ल. ती रांधता रांधता तक्रार करते की गेममधलं रांधणं फार सोपं करून टाकलंय, बोट लावलं की झालं, मजा येत नाही. तिनं वर्षभर खटपट करून तिथल्या मसाल्यांतनं सोया सॉस आणि मेयोनीजची चव जमवलीय.

ह्या एका जागेसाठी मी बाकीचं सगळं माफ केलो. आमच्याकडं दिवाळीला घरी कुंदा करतात, बाजारात वाट्टेल तेवढा मिळतो तरी. आजी असताना दूध आटवायला बसवायची ते हात गळून जायचे, खालनं लागू द्यायचं नाही, सारखं ढवळत राहायचं, एकजण दमला की दुसरा. त्या कढईपुढं आमच्या घरातली अर्धी भांडणं झाली आणि अर्धी मिटली. एका बटणावर कुंदा झाला असता तर कोण कुणाच्या शेजारी बसलं असतं? असुनाला तेच पाहिजे होतं, ढवळायला मिळत नाही म्हणून ती रडते.

पुढं ते गेममध्येच लग्न करतात, आणि त्या गेममध्ये लग्न केलं की दोघांचं सामान, पैसा, सगळं एक होतं, काही लपवता येत नाही. सात फेऱ्यांपेक्षा अवघड आहे बघा ते. बाविसाव्या मजल्यावर लाकडी घर घेतात, हा तळ्यावर गळ टाकून बसतो आणि ह्याला एक मासा लागत नाही. बस्स एवढंच, थोडेच दिवस, मग परत लढाईचं बोलावणं. पण ते थोडे दिवस वाचताना बाहेर पाऊस पडत होता, करंट गेलेला, आणि मी मेणबत्तीवर वाचलो. शेवटच्या लढाईत त्याच्यावरचा वार ती अंगावर घेते. ते मला आवडलं नाही, मरायचं काम पोरीकडंच का, पण निदान ती स्वतः चालत जाऊन घेते.

मावसभाऊ निपाणीहून आला तेव्हा त्याला म्हटलो तुझ्याकडं पुढचे खंड आहेत ते दे. तो म्हटला, "अक्का, तिसरा-चौथा वाचू नकोस, तुझं डोकं फिरंल." मी वाचलो आणि डोकं फिरलं. त्यात असुनाला एका सोन्याच्या पिंजऱ्यात कोंडलंय, अक्षरशः पिंजरा, आणि हिरो तिला सोडवायला चाललाय. जिच्या तलवारीला सगळे टरकायचे ती! घरातला सोया सॉस संपला आणि लेखकानं परत बक्षिसाचं दुकान उघडलं.

घ्यायचं असेल तर आधी 'स्वोर्ड आर्ट'चा पहिला खंड घ्या आणि तिथंच थांबा. 'वॉरक्रॉस' कॉलेजातल्या पोरींना द्या, शेवटासाठी. 'रेडी प्लेयर वन' एचसाठी वाचा. माझ्या प्रतींपैकी फुगलेलं 'वॉरक्रॉस' मावसभाऊ घेऊन गेला, "पोरीची गोष्ट आहे काय" म्हणत नाक मुरडून, आणि दोन दिवसांत फोन आला की हिदेओ असं का वागला.

'रेडी प्लेयर टू' कुणाला पाहिजे असेल तर फुकट देतो. टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटपर्यंत आणून देतो, पाय आता बरा आहे.